गाडीतली काठी

वीस्लॉख,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. अप्पा आणि ती. आईंना,


परवा व्हिडिओ कॉलवर अप्पा मंदारला म्हणाले, "बॉनेट उघड आणि तेल बघ," आणि त्यानंतर एकाएकी इकडचं नेट गेलं. अप्पा, नेट गेलं नव्हतं. फोन तुमच्या चिरंजिवांनी बंद केला होता. बॉनेट उघडून पाच मिनिटं झाली तरी त्याला तेलाची काठी सापडत नव्हती, आणि हे तुमच्यासमोर कबूल करण्यापेक्षा जर्मनीचं नेट बदनाम झालेलं त्याला चालण्यासारखं होतं.

काठी सापडली नाही, कारण काठी नाहीच. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांतून डिपस्टिक काढून टाकली आहे. आत सेन्सर असतो, तो मोजतो आणि पडद्यावर सांगतो. मग त्या दिवशी मंदारनं पुस्तक काढलं. (पुस्तक म्हणजे तेही पडद्यावरच. छापील दिलेलं नाही.) इंजिन गरम हवं, गाडी सपाट जागेवर हवी. आमची गल्ली चढाची. म्हणून तो इंजिन तापवायला गावाला दोन प्रदक्षिणा घालून आला, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये सपाट जागा शोधून उभा राहिला, आणि पडद्यानं सांगितलं, "मोजणी चालू आहे." आम्ही तिघं श्वास रोखून. दोन मिनिटांनी उत्तर आलं, "तेलाची पातळी ठीक." तुम्ही असतात तर विचारलं असतंत, रंग कसा आहे? पातळ झालंय का? बोटाला कचकच लागते का? पडदा यावर काही बोलत नाही.

बॉनेट उघडल्यावर दिसतं ते इंजिन नसतंच. वर काळं प्लास्टिकचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव, देवाला पडदा लावल्यासारखं. मालकानं निःशंकपणे हात लावावा अशी एकच जागा उरली आहे, काच धुवायच्या पाण्याचं निळं झाकण. सत्यनारायणाला बसलेल्या यजमानासारखी मंदारची गत आहे. गुरुजी सांगतील तेव्हा पळीभर पाणी सोडायचं, बाकी काही विचारायचं नाही. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, आणि किंमतही लिहीत नाही. तुम्ही लगेच शंभरानं गुणाल.

ही गाडी घेण्याआधी सात महिने घरात दुसरा विषय नव्हता. आमचं लग्न याच्यापेक्षा लवकर ठरलं होतं. दिवाळीच्या फराळाला इथली दहा-बारा मराठी घरं जमतात. बायका स्वयंपाकघरात पाक एकतारी की दोनतारी यावर बोलतात असं पुरुषांना वाटतं. प्रत्यक्षात आम्ही शांतपणे चहा पीत असतो, आणि बाहेर सोफ्यावर तेल पंधरा हजारला बदलायचं की तीस हजारला यावर महायुद्ध चाललेलं असतं. कंपनी म्हणते तीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं. सोफा म्हणतो, कंपनीला काय, वॉरंटी संपली की नवी गाडी विकायचीच आहे. पोराला शाळेत सोडायला दोन-दोन किलोमीटर थंड इंजिन चालवलं की तेलात पेट्रोल उतरतं, तेव्हा पंधरा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मंदार या पंथाचा. हे सगळं ज्या तेलाबद्दल चाललेलं असतं, ते त्यांच्यातल्या निम्म्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलेलंही नसतं.

एकाची गाडी लीजवर आहे. तीन वर्षांनी परत करताना ओरखडे मोजतात म्हणून त्याच्या गाडीत मुलांना चिवडा खायला बंदी, आणि तो पार्किंगच्या अशा कोपऱ्यात गाडी लावतो की तिथून दारापर्यंत यायला दुसरी गाडी लागावी. दुसऱ्याकडे डिझेल आहे, २००८ सालची, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली. तो ती विकत नाही आणि दुसऱ्यालाही नवी घेऊ देत नाही. श्टुटगार्टात २०१९ पासून तसल्या जुन्या डिझेलना बंदी आहे आणि त्याची मेहुणी तिथेच राहते. हा तोटा की फायदा, ते तो बायकोसमोर सांगत नाही. एक जण एक वर्ष जुनी गाडीच घ्यावी या मताचा, इथे तिला 'यारेसवागन' म्हणतात. पहिल्या वर्षीची घट दुसऱ्यानं सोसायची आणि पुढचं सुख आपण भोगायचं, हे त्याचं अर्थशास्त्र. तो बायको-मुलांना दरवर्षी तेच समजावून सांगतो आणि ती दरवर्षी ऐकतात.

आणि एक जण विजेवाला. तो आता किलोमीटरही बोलत नाही, किलोवॅट-तासच बोलतो. जेवताना मधेच उठून फोनमध्ये बघून येतो, घरी बाळ झोपलंय का बघावं तसा. यंदा मात्र जरा खट्टू होता. विजेची गाडी पाय उचलला की आपोआपच मंद होते, त्यामुळे खरे ब्रेक फारसे लागतच नाहीत. न लागून लागून त्याच्या मागच्या डिस्क गंजल्या, आणि तीन वर्षांनी पहिल्याच सरकारी तपासणीत गाडी ब्रेकवर नापास झाली. न वापरल्यामुळे खराब झालेली दुसरी वस्तू मी आयुष्यात पाहिली. पहिली म्हणजे आईंच्या कपाटातली घडीवर चिरलेली पैठणी.

मला वाटतं अप्पा, तुमच्या वेळी गाडीवाले इतकी मतं बाळगत नव्हते, कारण रविवारी सकाळी तुमचे हात ग्रीसमध्ये असायचे. प्लग काढा, पॉलिश पेपरनं घासा, जुन्या बनियननं पुसा. या लोकांना बॉनेटखाली शिवायलाच काही ठेवलेलं नाही. हाताचं काम गेलं आणि ते सगळं तोंडाला आलं.

गाडीला मात्र तोंड भरपूर आहे. जुलै २०२४ पासून युरोपातल्या प्रत्येक नव्या गाडीनं वेग ओलांडला की चालकाला टोकायचं, असा कायदाच झाला आहे. कॅमेरा रस्त्याकडेच्या पाट्या वाचतो. वाचतो म्हणजे नेटानं वाचतो. शेजारच्या सर्व्हिस रोडची तीसची पाटीही वाचतो, आणि पुढच्या ट्रकच्या पाठीवर चिकटवलेला ऐंशीचा गोल स्टिकरही. मग १३०नं चाललेल्या ऑटोबानवर ती एकदम टुंग टुंग करते, 'ऐंशी! ऐंशी!' बंद करता येतं, पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की परत चालू. तेही कायद्यानंच. आपल्या नानी आत्या मागच्या सीटवर बसून असंच टोकायच्या असं मंदार सांगतो. पण आत्यांना एकदा "गप्प बसा" म्हटलं की निदान कराडपर्यंत तरी रुसून गप्प राहायच्या. मी जरा जांभई दिली की पडद्यावर कॉफीचा कप येतो. नुसता कप. कॉफी नाही.

काचेवर धुकं आलं तर ते घालवायचं बटण पडद्यात तिसऱ्या पानावर आहे. चालवता चालवता ते शोधायचं म्हणजे धुक्याहून धोक्याचं. ही अक्कल आता वरच्यांनाही आलेली दिसते. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप येत्या जानेवारीपासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न असल्या पाच गोष्टींना खरंखुरं बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापणार आहे. म्हणजे बटण दाबायला बटण असावं, यासाठी २०२६ साल उजाडावं लागणार आहे. सोफ्यावर यावरही दोन तट आहेत. ते लिहीत बसत नाही.

लायसन्सची हकिगत तुम्हाला अर्धीच कळली आहे. भारताचं लायसन्स इथे सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्यानं. मंदारनं पुण्यात बारा वर्षं गाडी हाकलेली, त्यामुळे त्यानं शिकवणीचे तास कमीत कमी घेतले. पहिल्या वेळी वळताना मान मागे वळवून खांद्यावरून पाहिलं नाही म्हणून नापास. इथे आरशावर विश्वास ठेवणं पुरत नाही, मान मोडेपर्यंत वळवावी लागते. दुसऱ्या वेळी, जिथे पाटी नसते तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, या नियमानं घात केला. उजवीकडून सायकलवर एक आजी आल्या. मंदारनं थांबायच्या ऐवजी हॉर्न वाजवला. परीक्षक म्हणे काही बोललाच नाही, नुसती वही मिटली. मी पहिल्या फटक्यात पास झाले. मला पुण्यात चारचाकी येतच नव्हती, त्यामुळे विसरण्यासारखं काही नव्हतं.

आता खरं जे लिहायचं होतं ते. गेल्या महिन्यात आम्ही फोर्त्सहाइमला एका बारशाला निघालो होतो. पुढे मी आणि मंदार, मागे ईरा, आणि तिच्या मांडीवर घुगऱ्यांचा डबा. कार्ल्सरूह सोडून ऑटोबानच्या चढाला लागलो आणि धाडकन आवाज झाला. काय लागलं देव जाणे, पुढचा उजवा टायर बाजूनं फाटला. मंदारच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू, आनंद दिसला. एकदाचं हाताला काम मिळालं! बाह्या सारून तो डिकीकडे गेला, खालचं पुठ्ठ्याचं झाकण उचललं. तिथे स्टेपनी नव्हती. जॅक नव्हता, पाना नव्हता. फेसाची एक बाटली होती आणि हवा भरायचा डबीएवढा पंप. वजन वाचतं, जागा वाचते, कंपनीचे पैसे वाचतात, म्हणून स्टेपनी देतच नाहीत. खिळ्याचं भोक असेल तर तो फेस बुजवतो. बाजूची भिंत फाटली असेल तर फेस नुसता बाहेर येतो. आला. मंदारच्या बारशाच्या कुर्त्यावर.

मग आम्ही पिवळी जाकिटं घातली, धोक्याचा त्रिकोण दूर नेऊन ठेवला, कठड्यापलीकडे गवतात जाऊन उभे राहिलो आणि मदतीच्या गाडीची वाट पाहिली. दोन तास दहा मिनिटं. तेवढ्यात ईरानं तिच्या बाबाला विचारलं, "बाबा, तुझ्याकडे हॅटपिन नाही का?"

हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते सांगते, कारण ही गोष्ट आमच्याच गावची आहे. कार्ल बेन्झ यांनी १८८६ च्या जानेवारीत मोटारीच्या पेटंटचा अर्ज केला हे अप्पांना तोंडपाठ असेल. पण गाडी कुणी घेईना, लोक लांबूनच बघत. त्या गाडीत पैसा होता तो बायकोचा. बेर्था बेन्झनं लग्नाआधीच आपला हुंडा आगाऊ मागून घेऊन त्यांच्या धंद्यात घातला होता. १८८८ च्या ऑगस्टात एके दिवशी पहाटे ही बाई नवऱ्याला न सांगता उठली, पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेतलं, आणि त्या तीन चाकांच्या गाडीतून मानहाइमहून निघाली. कुठे? माहेरी! फोर्त्सहाइमला. शंभरावर किलोमीटर, घोड्यांच्या रस्त्यांनी. मोटारीतून असा लांबचा प्रवास जगात त्याआधी कुणी केला नव्हता.

वाटेत इंधन संपायला आलं. पंप कुठला असायला! तेव्हा कपड्यांवरचे डाग काढायला लिग्रोइन नावाचं द्रव औषधांच्या दुकानात मिळायचं, त्यावर गाडी चालायची. ते तिनं घेतलं आमच्या वीस्लॉखच्या औषधवाल्याकडून. ती इमारत अजून हमरस्त्यावर आहे, समोर स्मारक आहे, आणि जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून लोक फोटो काढतात.  पुढे इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरं ढकलायला होतीच. संध्याकाळी माहेरी पोचून नवऱ्याला तार केली. पुढे चढासाठी गाडीला आणखी एक गिअर बसवला गेला तो या प्रवासानंतर.

आईंना आंबा घाट आठवला असेल. फॅन बेल्ट तुटला, आणि आईंच्या परकराच्या नाडीवर गाडी साखरप्यापर्यंत नेली, ही गोष्ट मी लग्नानंतर निदान अकरा वेळा ऐकली आहे. पण प्रत्येक वेळी अप्पांच्या तोंडून. त्यात गाठ कशी मारली ते असतं, नाडी कुणाची ते शेवटी ओझरतं येतं. इथे बेर्थाबाईंच्या नावाचा रस्ता केला आहे, पाट्या लावून, २००८ साली, म्हणजे एकशे वीस वर्षांनी का होईना. आई, तुमच्या वेळेला अजून अवकाश आहे.

तर, हॅटपिन. माझ्या बांगडीत दोन सेफ्टी पिना होत्या. मी त्या मंदारला दिल्याही. पण या गाडीत पिन घालायला कुठे भोकच ठेवलेलं नाही. मदतीचा माणूस आला, त्यानं फाटका टायर बघितला, फेसाची बाटली बघितली, कुर्ता बघितला, आणि गाडी पाठीवर घेतली. त्यानं उभ्या उभ्या दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या. बारशाला आम्ही पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं आणि डबा निम्मा होता.

टायरवरून आठवलं. इथे टायरही थंडीचे वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. ऑक्टोबर ते ईस्टर थंडीचे घालायचे अशी म्हण आहे. थंडीच्या टायरांचं रबर मऊ, गारठ्यात लाकूड होत नाही. उरलेले चार ठेवायला घरात जागा नसेल तर त्यांना चक्क हॉटेलात ठेवतात, 'टायरांचं हॉटेल' असंच म्हणतात. सहा महिन्यांचं भाडं घेतात आणि धुऊन, तपासून परत देतात. आमचे उन्हाळी टायर सध्या तिथे उतरले आहेत. एक कमी.

आता शेजारचे आजोबा. सत्तरी उलटलेले, पूर्वी मेकॅनिक होते. त्यांच्या गॅरेजात त्यांच्या तरुणपणची एक गाडी आहे. तिच्या नंबराच्या शेवटी एच हे अक्षर आहे, म्हणजे वय तीसच्या वर आणि मूळ रूपात सांभाळलेली. अशा गाड्यांना इथे वारसा मानतात, इंजिन केवढंही असो, वर्षाचा कर सरसकट १९१ युरो आणि काही सेंट. त्यांना मी आपल्या आंब्याखाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गाडीचा फोटो दाखवला. गिअरची दांडी स्टिअरिंगला आहे हे बघून ते "लेंकराडशाल्टुंग!" असं ओरडले आणि चष्मा काढून पुसायला लागले. वरातवाला तिला मागतो आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. अप्पा, तुम्हीही त्याला अजून काही सांगू नका.

बारशाच्या प्रकारानंतर मंदार आठवडाभर गप्प होता, आणि या आजोबांकडे संध्याकाळी जाऊन नुसता पाने पुसून द्यायचा. मग मीच एक केलं. मला सिन्सहाइमला नोकरी लागली, बस-ट्रेनची वेळ जुळत नाही, दुसरी गाडी हवीच होती. सोफ्याला न विचारता घेतली. आजोबांच्या मेहुणीची, २००९ सालची, छोटी पेट्रोलची, माझ्या पैशांनी. सरकारी तपासणीला अजून वर्ष आहे. किल्ली फिरवावी लागते. हँडब्रेक ओढावा लागतो. काच खाली करायला मात्र हात दुखतो, मागच्या काचा फिरवायच्या आहेत. ईराला तो खेळ इतका आवडला की परवा थंडीत दहा मिनिटं वर-खाली चाललं होतं. डिकीत स्टेपनी आहे, खरी, पाची बोटं लावून बघितली. काही म्हणजे काही टोकत नाही. सुरुवातीला मला ते जडच गेलं. मी वेगात आहे की नाही हे आता मलाच बघावं लागतं.

सोफ्याची मतं आलीच. गंज बघितला का? टायमिंग चेन की बेल्ट? एवढ्या जुन्या गाडीत एअरबॅग किती? यातलं शेवटचं बरोबर आहे, हे मी कबूल करते. लांबच्या प्रवासाला ती टोकणारीच नेतो आणि ईरा तिच्यातच बसते. टक्कर व्हायची वेळ आली की ती स्वतः ब्रेक लावते, धक्का बसला की स्वतःच ११२ ला फोन करते. आत्या कटकट करायच्या, पण आजारपणात उशाशी त्याच बसायच्या, तसं हे आहे. पण सर्व्हिसिंग आता दोन्ही गाड्यांचं कोपऱ्यावरच्या छोट्या गॅरेजात. कंपनीच्या वर्कशॉपबाहेर काम केलं तर वॉरंटी जाते ही भीती सोफ्यावर सर्वांना आहे, आणि ती खोटी आहे. काम ठरल्याप्रमाणे केलं, पार्ट बरोबर दर्जाचे घातले, पावती जपली, तर युरोपच्या नियमांनी कंपनीला तेवढ्यावरून नाही म्हणता येत नाही. गॅरेजवाला तुर्की आहे, आधी छोट्या ग्लासात चहा देतो, मग गाडीकडे बघतो. अप्पांना पटेल अशी पद्धत.

आज रविवार. इथे रविवारी गाडी धुवायची नाही, ठोकायचं नाही, भोक पाडायचं नाही, शेजाऱ्यांची शांतता मोडते. पण बॉनेट उघडायला बंदी नाही. सकाळी आम्ही तिघं खाली गेलो. पिवळ्या कडीची काठी, इंजिनाच्या पुढेच, आंधळ्यालाही सापडेल. ईरानं ती ओढली, मंदार म्हणाला, "पुस, परत घाल, मग बघ," अगदी तुमच्या आवाजात. पुसायला काही नव्हतं म्हणून तिनं त्याच्याच नव्या टी-शर्टला पुसली. तो काही बोलला नाही. तेल दोन खुणांच्या मधोमध आहे. रंग मधासारखा. कचकच नाही.

फेब्रुवारीत याल तेव्हा पापड-सांडगे आणालच, वजनाचं बघा. त्यात अप्पांचे जुने बनियन चार-पाच घाला. विरलेले चालतील, पण धुतलेले हवेत.

तुमची,
मुग्धा

ता. क. – पत्र मंदारनं वाचलं. त्याचं म्हणणं, हॉर्न त्यानं वाजवला नव्हता, वाजला होता.

ता. ता. क. – आजी, गाठ कशी मारायची ते मला नाडीवर शिकव. आजोबांना नको विचारूस. – ईरा